मुहूर्त आधी, राग नंतर : लग्नविधीसाठी शास्त्रीय संगीत कसे निवडावे

लग्नपत्रिका छापायला जाते तेव्हा तिच्यावर मुहूर्त मिनिटांसह लिहिलेला असतो, दुपारी 12 वाजून 37 मिनिटे किंवा सायंकाळी 6 वाजून 12 मिनिटे असा, आणि बहुधा त्याच दिवशी घरात विषय निघतो की संगीताचे काय करायचे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात हल्ली या प्रश्नाची दोन उत्तरे तयारच असतात : बाहेर वरातीला डॉल्बी आणि आत कार्यालयाच्या स्पीकरवर कुठली तरी सनई. ज्यांना विधी चालू असताना नीट निवडलेले शास्त्रीय संगीत हवे आहे, जे विधीला शोभेल आणि पाहुण्यांनाही ऐकावेसे वाटेल, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी गेली अनेक वर्षे नात्यातल्या आणि ओळखीच्या लग्नांत मंगलाष्टके म्हणत आले आहे, त्यामुळे काय जमते आणि काय फसते हे बोहल्याच्या बाजूला उभे राहून जवळून पाहिले आहे.

बहुतेक घरी निवडीची सुरुवात आवडत्या धूनपासून किंवा ओळखीच्या कलाकारापासून होते आणि मग ती धून विधीत कुठेतरी बसवली जाते. हा क्रम उलटा करावा. आधी मुहूर्ताची वेळ, मग विधींचा क्रम, मग त्या वेळेचा राग, मग वाद्य, आणि सर्वांत शेवटी कलाकार, असे गेले की निम्मे निर्णय आपोआप होतात.

या भागाला हे संगीत परके नाही. उत्तरेला मिरज आणि कोल्हापूर, दक्षिणेला धारवाड, हुबळी आणि कुंदगोळ, आणि मधोमध आपण. मिरजेत थोर गायक अब्दुल करीम खाँ राहिले, कोल्हापुरात तसेच थोर अल्लादिया खाँ. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 मधला, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. सवाई गंधर्वांची घरची भाषा कानडी, आणि त्यांनी मराठी संगीत रंगभूमी गाजवली. मल्लिकार्जुन मन्सूर ज्या तन्मयतेने ख्याल गात त्याच तन्मयतेने लिंगायत संतांची कानडी वचनेही गात. हे इथे सांगण्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. एका घरी मराठी आणि दुसऱ्या घरी कानडी अशी लग्ने आपल्याकडे नेहमी होतात, आणि पत्रिका कोणत्या भाषेत, निवेदन कोणत्या भाषेत यावर चर्चा झडतात. परंतु सारंग किंवा यमन लागला की दोन्हीकडची ज्येष्ठ मंडळी सारखीच मान हलवतात. मांडवात कोणालाही परके वाटू नये यासाठी याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

विधींचा क्रम लिहून घ्या

मुहूर्त ठरल्यावर पहिल्याच आठवड्यात भटजींसोबत अर्धा तास बसावे आणि विधींचा क्रम अंदाजे वेळेसह कागदावर उतरवून घ्यावा. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी की त्याच सकाळी, गौरीहरपूजन किती वाजता, वर बोहल्यावर केव्हा येतो, अंतरपाट केव्हा धरला जातो, मंगलाष्टके किती, त्यानंतर कन्यादान, कंकणबंधन, मंगळसूत्र, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी यांपैकी काय लगेच होणार आणि काय जेवणानंतर, हे सगळे आधीच विचारावे. लिंगायत आणि जैन घरांत विधी व मंत्र वेगळे असतात, आणि एकाच समाजात दोन तालुक्यांच्या रीती वेगळ्या असतात. म्हणून दुसऱ्या घरच्या पुरोहितांशी किंवा स्वामींशीही हेच बोलणे करावे. एकाच घरच्या माहितीवर संगीताची आखणी केली की लग्नाच्या दिवशी दुसऱ्या घरचा एखादा विधी अचानक मध्ये येतो आणि वादकांना कुठे थांबायचे ते कळत नाही.

आता या यादीतील प्रत्येक विधीपुढे तीनपैकी एक शब्द लिहावा : वाजवायचे, मंद किंवा थांबायचे. पाहुण्यांचे आगमन, वधूवरांचे मांडवात येणे, अंतरपाट दूर होण्याचा क्षण, मंगळसूत्र बांधणे, सप्तपदी पूर्ण होणे, जेवण आणि पाठवणी हे वाजवण्याचे प्रसंग. कंकणबंधन, सुलग्न लावणे, आहेर, ओटी भरणे हे मंद सुरांचे. संकल्प, कन्यादानाचे मंत्र, होमातील आहुती आणि सप्तपदीची प्रत्यक्ष पावले चालू असताना मात्र पूर्ण शांतता असावी, असे माझे ठाम मत आहे. कन्यादानाच्या वेळी वधूच्या वडिलांचा आवाज बहुधा बारीक झालेला असतो; तो समोर बसलेल्या माणसांना ऐकू यायला हवा, आणि त्यावर बासरी कितीही सुंदर वाजली तरी ती त्या आवाजावर पांघरूण घालते. परंपरेने म्हटल्या जाणाऱ्या एका मंगलाष्टकातच वाजंत्र्यांनी फार गलबला करू नये असे बजावले आहे. म्हणजे ही अडचण आजची नाही.

या टप्प्यावर यादी पूर्ण झाली की प्रत्यक्ष संगीताची एकूण वेळ किती थोडी आहे हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. पाच तासांच्या कार्यक्रमात नीट लक्ष देऊन ऐकले जाईल असे संगीत फार तर दीड तासाचे असते. त्या दीड तासावरच सगळी मेहनत घ्यावी.

घड्याळाकडे पाहून राग

हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर ठरलेले आहेत, आणि लग्नालाही मिनिटापर्यंत ठरलेली वेळ आहे. या दोन्हींचा मेळ घालणे हाच निवडीचा गाभा. मैफलीत वेळेचा नियम थोडा सैल सोडला तरी चालून जाते, परंतु ज्या समारंभात वेळेलाच पूजेचे महत्त्व आहे तिथे दुपारी साडेबाराला मालकंस हा रात्रीचा राग वाजवणे जाणत्या कानाला खटकते.

आपल्याकडे सर्वाधिक लग्ने दुपारच्या मुहूर्तावर लागतात, म्हणून त्यापासून सुरुवात करू. पाहुणे साडेदहापासून येऊ लागतात. त्या वेळी अल्हैया बिलावल किंवा देसकार उत्तम. देसकाराचे पाच स्वर भूपाचेच, सा रे ग प ध. पण भूप गंधारावर (ग) रमतो आणि देसकार धैवतावर (ध). त्यामुळे स्वर तेच राहूनही देसकारात सकाळचा टवटवीतपणा येतो. घरच्यांना भूपच हवा असेल आणि मुहूर्त दुपारचा असेल तर कलाकाराला देसकार सुचवावा. ऐकणाऱ्याला हवी ती गोडी मिळते आणि वेळही सांभाळली जाते. सव्वाबाराच्या सुमारास वृंदावनी सारंगाकडे वळावे. या रागात गंधार आणि धैवत नाहीत, निषाद (नी) कोमल आणि शुद्ध दोन्ही आहेत, आणि त्यामुळे तो मोकळा, सरळ, भर दुपारच्या उजेडासारखा वाटतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात, पंखे फिरत असताना आणि लोक अक्षता हातात घेऊन उभे असताना, सारंगाइतका योग्य राग मला दुसरा दिसत नाही. कलाकार तयारीचा असेल तर शुद्ध सारंग किंवा गौड सारंगही घेता येईल. जेवणे चालू असताना, म्हणजे दोन-अडीचनंतर, भीमपलास आणि पटदीप घ्यावेत, आणि शेवटी पिलू किंवा काफीतली एखादी धून ठेवावी.

गोरज मुहूर्ताचे गणित वेगळे आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातला थोडे कमी असताना. म्हणजे एकाच गोरज मुहूर्ताची वेळ ऋतूप्रमाणे जवळजवळ तासाभराने सरकते, आणि रागाचे नियोजन सूर्यास्ताकडे पाहून करावे लागते. या संधिकाळाचे राग, पूर्वी, पूरिया धनाश्री, मारवा, श्री, हे कोमल ऋषभाचे (रे) आहेत आणि त्यांचा स्वभाव गंभीर, ओढ लावणारा आहे. मारव्यात तर षड्जही (सा) टाळत टाळत गायले जाते, त्यामुळे त्यात एक अस्वस्थता राहते. फार मोठा राग आहे, पण बोहल्याजवळ नको. माझी पसंती अशी : मंगलाष्टकांपूर्वी कलाकार अनुभवी असेल तर पूरिया धनाश्रीची दहा मिनिटांची आलापी, म्हणजे ठेक्याशिवायचा संथ विस्तार, आणि अंतरपाट दूर झाल्यावर थेट यमन. कोमल ऋषभ जाऊन शुद्ध ऋषभ आला की मांडवात दिवे लागल्यासारखे वाटते, आणि ज्यांना रागाचे नावही ठाऊक नाही त्यांनाही हा बदल जाणवतो. त्यानंतर शुद्ध कल्याण, हमीर, केदार, आणि जेवणाच्या वेळी देस, तिलक कामोद, खमाज, उशीर झाला तर बिहाग.

भल्या पहाटेच्या मुहूर्ताला भैरव किंवा अहिर भैरव शोभतो. हळदीला राग नसला तरी चालेल. तिथे बायकांची घाण्याची आणि हळदीची गाणी असतात, त्यांची जागा कोणत्याही पंडिताने घेऊ नये.

काही राग लग्नविधीत टाळावेत असे मी सुचवते : जोगिया, तोडी, दरबारी, श्री आणि वर सांगितलेला मारवा. यांत अशुभ असे काही नाही. पण त्यांची करुणा किंवा भारदस्तपणा ऐकणाऱ्याकडून एकाग्रता मागतो, आणि लग्नात ती कोणाकडे नसते. हंसध्वनी मात्र वेळेच्या अडचणीत नेहमी उपयोगी पडतो. तो मूळचा कर्नाटक संगीतातला, तिकडे वेळेचे बंधन इतके कडक नाही, आणि मंगल प्रारंभाचा राग म्हणून तो दोन्हीकडे मान्य आहे. मुहूर्त विचित्र वेळी असेल, किंवा व्याही दक्षिणेकडचे असतील, तर हंसध्वनी बिनधास्त ठेवावा.

मंगलाष्टके : इथे सर्वाधिक तयारी लागते

लग्नात सर्व पाहुणे उभे राहून, बोलणे थांबवून ऐकतात अशी मंगलाष्टके ही एकच गोष्ट आहे, आणि तरीही तिचीच तयारी सर्वांत कमी होते. आयत्या वेळी कोणी मावशी, कोणी आत्या माइक हातात घेतात, प्रत्येकीचा सूर वेगळा असतो आणि चाल अर्ध्यावर बदलते.

परंपरेने मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. चार ओळी, प्रत्येक ओळीत 19 अक्षरे, आणि 12 व्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. नवीन मंगलाष्टक घरी कोणी रचत असेल, वधूवरांची आणि आजी-आजोबांची नावे गुंफून, तर आधी अक्षरे मोजावीत आणि मग यती तपासावी. यतीच्या जागी शब्द मध्येच तुटला की गाणारा तिथे श्वास घेतो आणि अर्थ बिघडतो. आमच्या शेजारच्या एका लग्नात मुलीच्या काकांनी प्रेमाने लिहिलेल्या ओळीत वधूचे नाव नेमके बाराव्या-तेराव्या अक्षरावर विभागले गेले होते. आदल्या रात्री आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून, बोटांवर लघुगुरू मोजत, ते नाव ओळीच्या सुरुवातीला नेले. दुसऱ्या दिवशी ते नाव अखंड, मोकळ्या आवाजात म्हणता आले, आणि काकांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते अजून लक्षात आहे.

सुराचे ठरवणे त्याहून महत्त्वाचे. पुरुषांचा सूर हार्मोनियमच्या काळ्या पट्ट्यांनी सांगायचा तर साधारण काळी एक ते काळी दोन, स्त्रियांचा काळी चार ते काळी पाच. म्हणणाऱ्या पाच जणी असतील तर त्यांना आठ दिवस आधी एकत्र बसवावे, मोबाइलवरचा तानपुरा लावावा आणि सर्वांना झेपेल असा एकच सूर निवडावा. जिला तो उंच पडतो तिने वरच्या स्वरांची चाल घेऊ नये, आपले अष्टक मध्य सप्तकातच ठेवावे. भटजींचा सूर वेगळा असणार. त्यांच्यासाठी तानपुरा बदलत बसू नये, त्यांच्या वेळी तो बंद करावा. चालीचा विचार करताना गोरज मुहूर्तासाठी भूप किंवा यमन सोपे आणि सुंदर जातात. दुपारी पारंपरिक चालच ठेवावी. तबला किंवा ढोलकी मंगलाष्टकांना लावू नये, कारण वृत्ताची लय श्वासाची असते आणि ठेका लागला की ती दबते.

वेळेचे गणित आधी करून ठेवावे. माझ्या सवयीच्या गतीने एका अष्टकाला पाऊण ते एक मिनिट लागते, आणि मध्ये माइक हातातून हातात जाण्याची वेळ धरली तर सहा अष्टकांना सात-आठ मिनिटे. शेवटचे अष्टक मुहूर्ताच्या मिनिटाला संपायला हवे, म्हणून भटजी सुरुवात कधी करणार हे त्यांच्याकडून नक्की करून घ्यावे आणि म्हणणाऱ्यांची संख्या त्यावरून ठरवावी. सगळ्यांना हौस असते, पण आठ जणींना होकार देऊन शेवटी दोघींना घाईघाईने उरकायला लावणे त्यांच्यावर अन्याय आहे.

वाद्य कोणते

विधीसाठी सनई-चौघडा हे माझे पहिले उत्तर. उघड्यावर, गर्दीत, मुलांच्या गोंगाटातही तिचा सूर माइकशिवाय पोहोचतो, आणि थांब म्हटल्यावर ती त्याच क्षणी थांबू शकते. चांगल्या ताफ्यात दोन सनया असतात. एक गाते आणि दुसरी सूर धरून असते. निवड करताना त्या दुसऱ्या सनईकडे कान द्यावा. सूर धरणाऱ्याचा श्वास तुटत नसेल तर ताफा चांगला आहे असे समजावे.

खानापूरकडच्या एका मांडवात वयाने सत्तरीच्या आसपासचे एक सनईवादक कोपऱ्यात बसून बराच वेळ सनईची पत्ती ओठांत धरून होते. पाहुणे जमले होते, घरचे अस्वस्थ झाले होते. मी जाऊन विचारले तर त्यांनी पत्ती काढून बोटांत उजेडासमोर धरली, नखाने तिची कड तपासली आणि म्हणाले, "ताई, पत्ती ओली झाल्याबिगर सूर लागत नाही. घाई केली तर ती रडणार." मग पाच मिनिटांनी त्यांनी सारंगाचा जो पहिला ऋषभ लावला त्याने मांडव शांत झाला. वादकांना अर्धा तास आधी जागा द्यावी हे मी त्या दिवशी शिकले.

सनईला आपल्या कानडी शेजाऱ्यांकडे सनादी म्हणतात, आणि तिकडे करडी मजलू या ढोलवादनाचा ताफाही मंगल प्रसंगी बोलावतात. तो दणदणीत असतो. वराच्या स्वागताला आणि मिरवणुकीला त्याला तोड नाही, पण मांडवाच्या आत बंद जागेत नको. दक्षिणेकडच्या व्याह्यांना नादस्वरम (सनईसारखे मोठे वाद्य) आणि तविल (त्याच्या साथीचा ढोल) हवे असेल तर आनंदाने ठेवावे, फक्त कार्यालय लहान असेल तर वादकांना दाराबाहेर किंवा मागच्या बाजूला बसवावे.

जेवणाच्या वेळी बासरी, सतार, संतूर, व्हायोलिन किंवा हार्मोनियम यांपैकी एक वाद्य आणि तबला पुरेसा होतो. बेळगावला पं. रामभाऊ विजापुरे यांच्यामुळे हार्मोनियमच्या एकल वादनाची समृद्ध परंपरा लाभली आहे, आणि तरीही लग्नात हार्मोनियम स्वतंत्रपणे ठेवावी असे फार थोड्यांना सुचते. ती सुरात पक्की असते, उकाड्याने उतरत नाही, आणि नाट्यपदे तिच्यावर फार छान वाजतात. संतुराच्या तारा जुळवायला बराच वेळ लागतो आणि पंख्याच्या वाऱ्याने व उष्णतेने त्या उतरतात. वातानुकूलित सभागृह असेल तरच संतूर घ्यावे. बासरीसमोर पंखा नसावा, कारण वारा थेट फुंकीवर येतो. सतारीला वेगळी, उंच, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर अशी बैठक हवी.

शब्द असतील तर अर्थ पाहा

गायन ठेवायचे असेल तर चालीपेक्षा शब्द आधी वाचावेत. नाट्यसंगीत ही आपली खास आवड. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांचे 'सौभद्र' हे तर सुभद्रा-अर्जुनाच्या लग्नाचेच नाटक. म्हणून लोक त्यातले कोणतेही पद लग्नाला चालेल असे समजतात. पण 'वद जाऊ कुणाला शरण' हे नको त्या विवाहाच्या भीतीने व्याकूळ झालेल्या सुभद्रेचे गाऱ्हाणे आहे. मैफलीत ते कितीही रंगले तरी बोहल्यासमोर ते गाऊ नये. देवलांचे 'शारदा' म्हाताऱ्याशी लावल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीच्या लग्नाविरुद्ध लिहिलेले, त्यामुळे त्यातली पदे निवडताना अधिकच जपावे. याउलट 1916 च्या 'स्वयंवर' नाटकातले 'नाथ हा माझा' हे यमनातले पद सायंकाळच्या लग्नात वर येताना ऐकावे असे आहे.

'बाबुल मोरा' ही भैरवीतली ठुमरी पाठवणीला अनेकांना हवी असते. ती लखनौ सोडावे लागलेल्या वाजिद अली शाहची म्हणून ओळखली जाते, आणि तिच्यातली डोली सासरी निघालेल्या मुलीची आहे तशीच जगाचा निरोप घेणाऱ्याचीही आहे. घरात नुकतेच कोणी गेले असेल तर ती ठेवू नये; नसेल तरी वधूच्या आईला विचारून मगच ठेवावी.

दोन भाषांच्या लग्नात एक अभंग आणि एक दासपद, म्हणजे कानडी हरिदास संतांचे भक्तिपद, अशी जोडी बसवावी. पुरंदरदासांचे 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' हे घरात लक्ष्मीला बोलावणारे पद नव्या सुनेच्या गृहप्रवेशाला अगदी योग्य आहे, आणि भीमसेन जोशींच्या गळ्यातून ते मराठी घरांतही ओळखीचे झाले आहे. लिंगायत घर असेल तर एखादे वचन घ्यावे, आणि ते कोणते हे त्या घरच्या ज्येष्ठांनाच ठरवू द्यावे. अभंग निवडताना वैराग्याचे, देहाच्या नश्वरतेचे अभंग वगळावेत. गजर, रूपवर्णन आणि पंढरीच्या आनंदाचे अभंग भरपूर आहेत.

कलाकार, विसार आणि बैठक

तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत मुहूर्त असतात, आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्राही असतात. सनईचे ताफे दोन्हीकडे लागतात, म्हणून तारीख ठरताच विसार द्यावा. नावाजलेला कलाकार हवाच असे नाही. आकाशवाणीची श्रेणी मिळालेले कलाकार धारवाड, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात आहेत, आणि त्यांच्याकडे शिकणारे विशारद झालेले तरुण विद्यार्थी मन लावून वाजवतात. निवडीपूर्वी त्यांना एकदा समोर बसून ऐकावे. मोबाइलवर पाठवलेल्या दोन मिनिटांच्या तुकड्यावरून थांबण्याचे आणि पुन्हा उचलण्याचे भान कळत नाही.

बोलताना विचारायच्या गोष्टी : विधीची यादी पाहून ते वेळेनुसार राग सुचवतात का, सुरुवात लांबली तर किती वेळ थांबतील, सोबत कोण आहे, सूर कोणता. सनईचा सूर बदलता येत नाही. म्हणून मंगलाष्टकांचा सूर ठरवण्याआधी सनईचा सूर विचारावा आणि शक्य असल्यास जवळचा घ्यावा. ठरलेले सगळे, बिदागी, प्रवासखर्च, राहणे, जास्तीच्या तासाचा हिशेब, एका पानावर लिहून दोघांनी ठेवावे. आणि कलाकारांचे जेवण विधीपूर्वी किंवा पहिल्या पंगतीला करावे. शेवटच्या पंगतीपर्यंत उपाशी वाजवणाऱ्या माणसाकडून पाठवणीला भैरवी मागणे बरे नव्हे.

बैठक बोहल्याच्या बाजूला, वादकांना भटजींचा चेहरा दिसेल अशी हवी. छायाचित्रकार आणि त्यांचे दिवे मध्ये आले की वादकांना खुणा दिसत नाहीत, तेव्हा ही जागा दोरी लावून राखावी.

ध्वनिव्यवस्था आणि कायदा

शहरातल्या एका कार्यालयात मी काळी चारमध्ये मंगलाष्टक उचलले आणि ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या मुलाने त्याच वेळी मुद्रित सनई सुरू ठेवली, तीही अर्ध्या स्वराने खालची. दोन्ही सूर एकमेकांवर आदळत राहिले, भटजींचा आवाज बुडाला, आणि वधूची आजी, जिने ते अष्टक स्वतः निवडले होते, ती शेवटपर्यंत हात कानामागे धरून उभी होती. त्या मुलाचा दोष नव्हता; त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक घरी आग्रहाने सांगते की ध्वनिव्यवस्थेजवळ घरचे एक माणूस विधीच्या यादीसह उभे असावे आणि मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वी मुद्रित संगीत पूर्ण बंद झाले आहे हे त्याने स्वतः पाहावे.

मंगलाष्टकांसाठी दोन माइक, भटजींना एक, वाद्याला एक आणि तबल्याला एक एवढे पुरते. प्रतिध्वनीचा परिणाम बंद ठेवायला सांगावा, कारण त्यात शब्द विरघळतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, एरवीही परवानगी लागते, आणि रहिवासी भागातली मर्यादा दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल आहे. रात्रीचे किंवा पहाटेचे लग्न उघड्या मैदानात असेल तर हे आधीच पाहावे. मुद्रित संगीत वाजवल्याबद्दल कोणी स्वामित्वहक्काचे पैसे मागितले तर 1957 च्या कायद्यातील कलम 52(1)(झेडए) दाखवावे. त्यात धार्मिक समारंभाला दिलेली सवलत लग्नाची मिरवणूक आणि लग्नाशी संबंधित सामाजिक सोहळ्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट म्हटले आहे.

प्रत्यक्ष कलाकार परवडत नसतील तर मुद्रित संगीतही चांगले होऊ शकते. विधीच्या यादीप्रमाणे वेगवेगळे तुकडे आधी काढून ठेवावेत, एका प्रसंगाला एकच राग ठेवावा, जाहिराती मध्ये येणार नाहीत अशी सोय करावी, आणि अंतरपाट दूर होण्याच्या क्षणासाठी आलाप नको, थेट द्रुत, म्हणजे जलद लयीतली गत जिथे सुरू होते तो भाग निवडावा.

त्या दिवशी

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे शेवटच्या मंगलाष्टकानंतरची. भटजी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव' म्हणू लागले की चौघडावाल्याने काड्या उचलून तयार राहावे, सनईवाल्याने पत्ती ओठांना लावावी, आणि 'सावधान'नंतर अंतरपाट बाजूला होताच दोघांनी एकदम उठावे. हा इशारा आदल्या दिवशी भटजी आणि वादक यांना समोरासमोर बसवून ठरवावा. हाताने खुणा करणाऱ्या तिसऱ्या माणसावर अवलंबून राहू नये, कारण त्या क्षणी तो अक्षता टाकण्यात गुंतलेला असतो. हार घातले गेले की दोन मिनिटे द्रुत लय, मग हळूहळू उतरून मध्य लयीत यावे आणि भटजींनी संकल्पाचे पाणी हातात घेतले की थांबावे.

पाठवणीला भैरवी, पण फक्त सनईवर आणि चौघड्याशिवाय. मुलगी उंबऱ्यापाशी थांबते, आईच्या खांद्यावर डोके टेकते, तेवढा वेळ वादकाने एकाच स्वराभोवती राहावे आणि गाडीचे दार लागल्यावर सूर सोडावा. बिदागीचे पाकीट, नारळ आणि शाल घेऊन घरातल्या कर्त्या माणसाने तेव्हा वादकांजवळच उभे असावे, कारण त्यानंतर सगळे गाडीमागे धावतात आणि कोपऱ्यात बसलेली माणसे आपली वाद्ये एकट्यानेच गुंडाळत राहतात.